‘येर’ म्हणणाऱ्या पोरांची शाळा वाचवा

गडचिरोलीतल्या गोंड घरातलं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं, तेव्हा त्याला पाणी ठाऊक असतं, ‘पाणी’ हा शब्द ठाऊक नसतो. घरी ते ‘येर’ मागतं. गुरुजी फळ्याकडे बोट दाखवून विचारतात, पोर गप्प. मग शेरा पडतो: अभ्यासात मागे. अशी गप्प बसलेली किती पोरं शाळा सोडून गुरांमागे गेली असतील!

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. गावातली तरुण पोरं जिथे जमून गाणी, नाच, रीतभात, जंगलाचं शहाणपण शिकत आली, ते गोटुल. बाहेरच्यांनी त्याला नाही नाही ती नावं ठेवली. गावाने तेच नाव शाळेला दिलं, याचं मला फार मोल वाटतं. इथे ‘येर’ शिकवताना गावचा नाला आठवतो, त्यातले मासे आठवतात, पेनांच्या, म्हणजे गोंडांच्या देवांच्या, गोष्टी निघतात. इथला शिक्षक पाठ्यपुस्तकात नसलेलं अख्खं गाव पोरांच्या हाती देत असतो.

आणि हे कुठे, तर १९८० पासून बंदुकीच्या सावलीत राहिलेल्या मुलखात. चार माणसं एकत्र बसली की माओवाद्यांना ती खबरी वाटतात, पोलिसांना नक्षली. पलीकडे बस्तरमध्ये २००५ नंतर याच संघर्षात गावंच्या गावं उठली. माओवाद्यांनी शाळा उडवल्या, सुरक्षा दलांनी शाळांत तळ ठोकले. त्या रिकाम्या करा, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पळालेल्यांची पोरं आज तेलुगू मुलखात वाढताहेत. त्यांना रेला ही गोंडी गाणी कोण शिकवणार?

आता बंदुका शांत होऊ लागल्या आहेत. अशा वेळी मोहगावच्या शाळेला मात्र शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यता नाही म्हणून नोटिसा आल्या, दंडाची भाषा झाली. त्याच कायद्याचं २९वं कलम म्हणतं, शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा. संविधानाचं ३५०-अ कलमही प्राथमिक शिक्षणाबद्दल हेच सांगतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख आहेत. त्याहून कमी लोक बोलतात ती बोडो संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली, याचा आनंदच आहे. गोंडी अजून बाहेर का?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली, तेव्हा आपण पेढे वाटले. आईच्या भाषेसाठी ऊर कसा भरून येतो, हे आपल्याला कोणी समजावायला नको. म्हणून हात जोडून मागते: आपल्या आमदाराला, खासदाराला आजच पत्र लिहा. मोहगावच्या शाळेला मान्यता द्या, दंड मागे घ्या, गोंडी जाणणाऱ्या तरुणांना शिक्षक म्हणून नेमा, गोंडीला आठव्या अनुसूचीत घ्या. शिक्षक असाल तर आपल्या संघटनेत ठराव मांडा. जूनमध्ये वर्ग भरतील, त्याआधी हे कागद मंत्रालयात पोचू द्या.