संस्थेची खतावणी आणि संगणक

नवे बियाणे बाजारात आले म्हणून आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील कोणताही जाणता कास्तकार सारे वावर त्यानेच पेरीत नाही. धुऱ्याकडची चार तासे पेरून तो एक हंगाम वाट पाहतो व मग पुढील विचार करितो. संस्थेच्या दप्तरात संगणक आणताना मात्र हीच रीत आपण विसरतो, याचे आम्हांस नवल वाटते.

सन २०१७ च्या कर्जमाफीचा प्रकार अनेकांच्या स्मरणात असेलच. त्या वर्षीच्या जून महिन्यात जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ व्हावयाची होती. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन संगणकावर अर्ज भरावा, बँकेने आपल्याकडील खात्यांची माहिती निराळी पाठवावी, आणि दोहोंचा मेळ यंत्राने घालावा, अशी योजना होती. १८ ऑक्टोबर रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. आणि लागलीच याद्यांतील चुका उघडकीस आल्या. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक खातेदारांची नावे निघाली. याद्या पुनः तपासाव्या लागल्या, आणि ज्याला रब्बीसाठी नवे कर्ज हवे होते तो बँकेच्या पायरीवर बसून राहिला. लोकांनी यंत्रास बोल लावला. आमच्या मते तो अन्याय होय. यंत्र हे जात्यासारखे आहे. वरून खडे पडले तर पिठात खडेच येणार. दप्तर निवडून घेण्यापूर्वी मुहूर्त ठरविला, हे खरे चुकले.

याउलट महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेचे पहा. डिसेंबर २०१९ मध्ये ती निघाली. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागविला नाही. बँकांच्या नोंदींवरूनच यादी तयार झाली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी जी पहिली यादी लागली, ती प्रत्येक जिल्ह्यातील दोनच गावांची होती. एकूण ६८ गावे व १५,३५८ खाती, एवढाच तो प्रयोग. खातेदाराने केंद्रावर जाऊन आपली रक्कम पाहावी, मान्य असल्यास आधार जुळवावे, नसल्यास तक्रार नोंदवावी. मग इतर गावांच्या याद्या लागल्या. पुढे मार्चमध्ये साथीमुळे काम अडले, आणि दोन लाखांहून अधिक थकबाकी असलेले बाहेर राहिले, हा भाग वेगळा. परंतु चार तासे आधी पेरण्याचे शहाणपण सरकारास तेव्हा सुचले होते, हे मान्य केले पाहिजे.

हे आज सांगण्याचे कारण असे की, तोच प्रसंग आता आपल्या गावच्या सेवा सहकारी संस्थांवर आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना चांगलीच आहे. पण संगणक व आज्ञावली वरून येईल. खतावणीतील बाकी बरोबर आहे की नाही, हे दिल्लीस कसे कळावे? मयत सभासदाच्या नावावर चाललेले खाते, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, भरणा होऊनही न चढलेली पावती, हे सारे गावालाच ठाऊक असते. ते तसेच यंत्रात गेले म्हणजे त्यावर सरकारी शिक्का बसल्यासारखे होते, आणि मग सभासद खरे बोलत असूनही खोटा ठरतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. हे काम मे-जूनच्या पीककर्जाच्या गर्दीत कदापि काढू नये. सोयाबीन निघाल्यावर काढावे. जुनी वही एक संपूर्ण कर्जवसुलीचा हंगाम संगणकाच्या जोडीने चालू ठेवावी व दर महिन्यास दोहोंची बाकी ताडून पाहावी. चूक निघाल्यास कोणाकडे जावयाचे, त्या एका माणसाचे नाव संस्थेच्या फळ्यावर लिहावे. सचिव म्हणतो गटाकडे जा, गट म्हणतो बँकेकडे जा, हे नको. आणि आकडे यंत्रात भरण्यापूर्वी एका संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर प्रत्येक खात्याची बाकी मोठ्याने वाचून दाखवावी. काहींना याचा संकोच वाटेल, कारण कर्ज चारचौघांत सांगावेसे कोणास वाटत नाही. त्यांनी आपली बाकी कार्यालयात येऊन पाहावी व सही करावी. परंतु ज्याचे नाव सुटले असेल तो ओट्यावरून तेथल्या तेथे उठून बोलेल.