ईआयएनसाठी हजारो रुपये कशाला?

ईआयएन म्हणजे अमेरिकेचं कर खातं, आयआरएस, धंद्याला देतं तो नंबर. त्याची सरकारी फी शून्य! तरी आपल्याकडे एजंट हजारो रुपये घेतात, हे मला पटत नाही. तिथला एसएसएन किंवा आयटीआयएन नसेल तर ऑनलाइन अर्ज होत नाही, एवढंच त्यांचं भांडवल. पण एसएस-४ फॉर्म फॅक्सने, पोस्टाने पाठवता येतो. धंदा अमेरिकेबाहेर असेल तर फोनवरही नंबर मिळतो. इंग्रजीची भीती वाटते? फॉर्म भरून समोर ठेवा, त्यातलंच विचारतात.

पण मुळात तुम्हाला ईआयएन हवाय का? कोल्हापुरी चपला स्वतःच्या नावावर इथूनच पाठवणार असाल, तर इथला आयईसी काढा आणि प्लॅटफॉर्मला डब्ल्यू-८ बेन फॉर्म द्या. त्यात आपला पॅन चालतो.

ईआयएन लागतो तो मुख्यतः तिथे एलएलसी काढली तर. आणि एकट्याच्या मालकीची एलएलसी असेल, मालक-कंपनीत पैशांची देवाणघेवाण झाली, की त्या वर्षाचा फॉर्म ५४७२ आलाच. तो राहिला तर दंड २५,००० डॉलर! एजंटच्या जाहिरातीत हे कुठे दिसतं का? पैसे देण्याआधी त्याला विचारा, ५४७२ कोण भरणार? उत्तर लेखी घ्या.