बॅटरीचे जेवणखाण

इन्व्हर्टरखालची शिशाची बॅटरी म्हणजे १८५९ साली गास्तों प्लांतेने केलेल्या बॅटरीचीच पणती. ती उपाशी राहिली की प्लेटांवर सल्फेटाचे खडे धरतात व ती खंगते. म्हणून तिला नेहमी पोटभर वाढावे. शेवटचे चार घास गिळायला मात्र तिला तासन्‌तास लागतात! लिथियमचे उलट. ती भराभर जेवते, पण सदा तुडुंब ठेवल्यास लवकर म्हातारी होते.

म्हणूनच बॅटरी नवी आणि चार्जर जुना, ही काटकसर महागात पडते. शिशाचे काही चार्जर प्लेटांवरचे खडे विरघळवण्यासाठी मधूनच १५ व्होल्टांच्या वर चढतात. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या चार सेलांच्या बॅटरीची सीमा मात्र १४.६. आतले संरक्षक मंडळ वीज तोडते, हे खरे. पण रोज त्याच्याच भरवशावर कशाला राहावे? दुकानदाराला चार्जरचे आकडे आधी विचारावेत, किंमत मागाहून.