अपडेटला रिव्हर्स गिअर हवा

७ जून २०१६ चा मंगळवार. अमेरिकेतल्या अनेक लेक्सस मालकांनी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवरची स्क्रीन भूत लागल्यासारखी वागू लागली. उजळायची, बंद पडायची, पुन्हा उजळायची, पुन्हा बंद. नकाशा नाही, रेडिओ नाही. इंजिन, ब्रेक, चाके सगळे ठणठणीत. बिघडला होता तो फक्त पडद्यामागचा छोटा संगणक. यातल्या कोणीही काहीही छेडले नव्हते, एक बटणसुद्धा दाबले नव्हते. वाहतूक आणि हवामानाची ताजी माहिती गाड्यांना परस्पर पाठवली जाते, त्या माहितीत काही तरी सदोष आले आणि ते नॅव्हिगेशनच्या यंत्राला पचले नाही, असा खुलासा कंपनीने केला. उपाय एकच होता, डीलरकडे जाऊन यंत्र सक्तीने रीसेट करून घेणे.

ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीची, पण तिच्यातला संताप जुना झालेला नाही. गाडीतल्या नॅव्हिगेशनचे अपडेट झाले आणि आवाज गेला, ब्लूटूथ जोडेना, यंत्र जागच्या जागी गोठून बसले, जतन केलेले घरचे पत्ते पुसले गेले, अशा तक्रारी जगभर त्याच त्या आहेत. सर्व्हिस सेंटरमध्ये मिळणारे उत्तरही तेच आहे: ‘पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल.’ पुढचे अपडेट कधी, हे समोरच्या माणसालाही ठाऊक नसते. बँकेतल्या ‘सर्व्हर डाउन’चे हे सख्खे भावंड आहे.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या कायमस्वरूपी मेमरीत बसवलेले मूळ सॉफ्टवेअर. स्क्रीन कशी पेटवायची, उपग्रहांचे संदेश कसे वाचायचे, बोटाचा स्पर्श कुठे झाला हे कसे ओळखायचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते. अपडेट करताना जुने पुसून त्या जागी नवे लिहिले जाते. साध्या यंत्रात जागा एकच असते. लिहिता लिहिता वीज गेली, बॅटरी उतरली किंवा आलेली फाइलच अर्धवट निघाली, तर जुने पुसलेले आणि नवे अपुरे अशी अवस्था होते. तंत्रज्ञ याला ‘वीट होणे’ म्हणतात. काही हजारांची वस्तू खरोखरच विटेइतकीच उपयोगाची उरते.

यावरचा तोडगा अभियंत्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. मेमरीचे दोन कप्पे करायचे. गाडी एका कप्प्यातल्या फर्मवेअरवर चालत असताना नवे दुसऱ्यात लिहायचे, तपासायचे आणि मगच तिकडे उडी मारायची. नवे नीट उठले नाही तर यंत्र आपोआप जुन्या कप्प्याकडे परतते. अनेक स्मार्टफोनमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. यात मेमरी जास्त लागते, म्हणजे थोडा खर्च वाढतो. लाखो रुपयांच्या गाडीत तो वाचवण्याचे समर्थन कोणी कसे करावे?

पण दोन कप्प्यांनीही प्रश्न अर्धाच सुटतो. ग्राहकाला सर्वाधिक छळणारे अपडेट हे अर्ध्यात अडकलेले नसते. ते अगदी यशस्वी झालेले असते. यंत्राच्या दृष्टीने सगळे नीट पार पडले. फाइल पूर्ण, तपासणी पूर्ण, स्क्रीनवर ‘अभिनंदन’. आणि मग कळते की, मार्ग शोधायला आधी लागत होता त्याच्या तिप्पट वेळ लागतो, किंवा वळण मागे पडल्यावर ‘उजवीकडे वळा’ ऐकू येते. यंत्राला यात बिघाड दिसत नाही, त्यामुळे ते मागे फिरत नाही. ग्राहकाला दिसतो, पण मागे फिरण्याचे बटण त्याच्या हाती दिलेलेच नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या अमेरिकी विद्युत वाहन कंपनीने असाच घोळ घातला. गाड्यांना पाठवलेल्या अपडेटला चुकीचे सुरक्षा प्रमाणपत्र जोडले गेले आणि ग्राहकांच्या गाड्यांमधली स्क्रीन ठप्प झाली. बोट चुकून भलतीकडे पडले, अशा शब्दांत कंपनीच्या सॉफ्टवेअर प्रमुखांनी जाहीर कबुली दिली. काही गाड्यांना प्रत्यक्ष दुरुस्ती लागू शकेल, असेही सुरुवातीलाच सांगून टाकले. कबुलीचा हा प्रामाणिकपणा या धंद्यात विरळाच, त्याचे कौतुक व्हायला हवे. पण एका माणसाचे बोट चुकले तर ग्राहकांच्या दारातली गाडी बिघडू शकते, ही रचनाच मुळात तपासण्यासारखी आहे.

मग अपडेट करूच नये का? पुष्कळ वैतागलेले गाडीमालक नेमके हेच ठरवतात. ‘चाललंय ना, मग हात लावू नका’ हे गॅरेजमधले सनातन तत्त्व आहे आणि कार्बोरेटरच्या जमान्यात ते खरेही होते. नॅव्हिगेशनला ते लागू पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ज्यांचा नकाशा त्याआधीचा होता, त्यांची गाडी स्क्रीनवर थेट खाडीतून पोहत जाणार. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये. जुन्या नकाशाला तिथे फक्त शेते दिसतात आणि तो चालकाला सारखा ‘जवळच्या रस्त्यावर या’ म्हणून विनवत राहतो.

नकाशा सोडला तरी खुद्द घड्याळ दगा देते. जीपीएसचे उपग्रह आठवड्यांची मोजणी ६ जानेवारी १९८० पासून करतात. मूळच्या संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी दहाच बिट राखलेले आहेत, म्हणजे शून्य ते १०२३. त्यानंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो, जुन्या गाडीचा किलोमीटरचा आकडा फिरून परत शून्यावर यावा तसा. हे साधारण १९ वर्षे आणि साडेसात महिन्यांनी घडते. ऑगस्ट १९९९ मध्ये घडले, एप्रिल २०१९ मध्ये घडले आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये घडेल. ज्या यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये याची तजवीज नव्हती, ती एका रात्रीत जवळपास वीस वर्षे मागे गेली. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि अ‍ॅक्युराच्या काही जुन्या गाड्यांची घड्याळे २००२ साल दाखवू लागली. तज्ज्ञांनी बोट ठेवले ते याच आठवड्यांच्या मोजणीवर. ऑगस्टमध्ये घड्याळ आपोआप सुधारेल, तोवर काही करता येणार नाही, असे कंपनीने ग्राहकांना कळवले. आठ महिने थांबा! त्याआधी मार्च २०१२ च्या अखेरीस टॉमटॉमची काही यंत्रे उपग्रहच ओळखेनाशी झाली होती. त्या वर्षी लीप वर्ष होते आणि बाहेरच्या पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरला ते नीट हाताळता आले नव्हते. त्यावरचा इलाजही अपडेटच होता, यंत्र संगणकाला जोडून करायचा. थोडक्यात, आजार अपडेटमुळे होतो आणि औषधही अपडेटच असते, म्हणून त्याच्यावरचा विश्वास टिकणे एवढे महत्त्वाचे.

विश्वास उडाला की काय होते, हा केवळ गैरसोयीचा मुद्दा नाही. चालत्या गाडीत स्क्रीन गोठली की चालकाचा हात आपसूक तिच्याकडे जातो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यानुसार गाडीतल्या यंत्राकडे एका वेळी टाकलेला कटाक्ष दोन सेकंदांहून मोठा असू नये. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, तिथे ते अंतर ६७ मीटर होते. एवढे अंतर गाडी जवळजवळ आंधळी धावते, आणि बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करायला दोन सेकंद पुरत नाहीत. शिवाय आता त्याच स्क्रीनवर मागच्या कॅमेऱ्याचे चित्र असते, अनेक गाड्यांत एसीची बटणेही तिथेच गेली आहेत. अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याचे चित्र अडवले तर तो सुरक्षेचा दोष ठरतो आणि गाड्या परत बोलवाव्या लागतात. कॅमेरा दिसतो पण नकाशा मेला, अशा गाडीचा मालक मात्र कोणाच्याच खिजगणतीत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा वाहनांच्या सॉफ्टवेअरविषयीचा नियम, क्रमांक १५६, या बाबतीत बराच पुढे गेला आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून तो सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. अपडेट कशासाठी, त्यात काय बदलणार, किती वेळ लागणार, तेवढ्या वेळात गाडीतले काय बंद राहणार, हे मालकाला आधी सांगावे लागते. अपडेट फसले किंवा मध्येच थांबले, तर गाडी जुन्या आवृत्तीवर परतली पाहिजे, नाही तर सुरक्षित अवस्थेत तरी आली पाहिजे. याच धर्तीवर भारतात एआयएस १९० हे मानक आखले गेले आहे. चांगले आहे, पण यातले शब्द नीट वाचावेत. ‘फसले किंवा थांबले तर.’ यशस्वी होऊन बिघडवणाऱ्या अपडेटला त्यात जागा नाही.

ती जागा करून द्यायला हवी. अपडेट झाल्यावर किमान तीस दिवस मालकाला स्वतःच्या बोटाने आधीच्या आवृत्तीवर परत जाता आले पाहिजे, एवढीच ही मागणी आहे. कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोके असतात, हॅकरला शिरायला वाट मिळते, म्हणून मागे जाणे मुद्दामच बंद केलेले असते. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरबाबत हा युक्तिवाद निर्विवाद मानावा. पण सुरक्षेची दुरुस्ती आणि मेनूची नवी रंगरंगोटी एकाच गाठोड्यात बांधा, असे कंपन्यांना कोणी सांगितले? भोके बुजवणारे अपडेट वेगळे आणि सक्तीचे ठेवावे. नवे आयकॉन, नवा आवाज, नवा मार्गशोधक हे वेगळे आणि परत करता येण्याजोगे. आज दोन्ही एकत्र येतात आणि सुरक्षेच्या नावाखाली नावडती रंगरंगोटीही गळी उतरवली जाते.

आधाराच्या मुदतीचेही तसेच. जानेवारी २०१८ मध्ये टॉमटॉमने आपल्या काही जुन्या यंत्रांना यापुढे नकाशे मिळणार नाहीत, असे जाहीर केले. त्यातल्या काहींना ‘आजीवन नकाशे’ म्हणून विकले गेले होते. आजीवन म्हणजे ग्राहकाचे जीवन नव्हे, यंत्राचे उपयुक्त आयुष्य, आणि ते किती हे कंपनी ठरवणार! युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनी विक्रेत्यावर वाजवी काळापर्यंत आवश्यक अपडेट पुरवण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे गाडीच्या माहितीपत्रकात सनरूफला अर्धे पान मिळते, सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळले जाईल याला एक ओळ मिळत नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी फार्माकोव्हिजिलन्सची राष्ट्रीय यंत्रणा देशात २०१० पासून आहे. एका रुग्णाला पुरळ उठले तर ती एक घटना असते, शंभर ठिकाणांहून तीच नोंद आली तर औषधावर संशय घेता येतो. गाडीच्या अपडेटचे दुष्परिणाम मात्र डीलरच्या जॉब कार्डावर सुटे सुटे मरून जातात. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वाहनदोषांची तक्रार नोंदवण्याची सोय आहे, पण तिचा रोख गाडी परत बोलावण्याजोग्या सुरक्षा दोषांवर आहे. अमुक मॉडेल, अमुक आवृत्ती, अमुक बिघाड एवढी साधी नोंद तिथेच सुरू करता येईल. ती सर्वांना पाहता आली, तर पुण्यातल्या मालकाला कोल्हापूरच्या मालकाचा अनुभव अपडेट करण्याआधी कळेल.

तोवर ग्राहकाच्या हाती आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेता या दोघांवरही येऊ शकते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अडचण पुराव्याची येते. कोणत्या आवृत्तीपर्यंत यंत्र ठीक होते, हे बहुतेकांना सांगताच येत नाही. ‘होकार’ दाबण्याआधी सेटिंगमधल्या आवृत्ती क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढावा, झाल्यावर दुसरा काढावा आणि जॉब कार्डावर ‘नॅव्हिगेशन चालत नाही’ एवढेच न लिहू देता दोन्ही क्रमांक लिहून घ्यावेत. अपडेट शक्यतो घरी, गाडी उभी असताना आणि बॅटरी पुरेशी भरलेली असताना करावे. पहाटे गावाला निघायचे असेल, तर आदल्या रात्री मुळीच करू नये.