घशातली नळी

परवा भाचा जेवायला आला होता. एमबीबीएस झाले, आता इंटर्नशिप चालू आहे. पहिला घास घेताच म्हणाला, "मामा, आज पुतळ्याच्या श्वासनलिकेत नळी घातली. पहिल्याच खेपेला!"

माझा घास हातातच राहिला. काही वर्षांपूर्वी अण्णांना अतिदक्षता विभागात नेले, तेव्हा अशाच एका तरुण डॉक्टरची नळी तिसऱ्या खेपेला बसली. अण्णा वाचले, पुढचा दात मात्र गेला. आई धारवाडकडची. ती एवढेच म्हणाली, "उसिरु उळीतल्ला, हल्लु होद्रे होग्लि." श्वास राहिला ना, दात गेला तर जाऊ दे.

जुने साधन म्हणजे लॅरिंगोस्कोप. त्याचे मॅकिंटॉश पाते 1943 सालचे. त्याने जीभ बाजूला सारायची, जबडा उचलायचा आणि तोंडातून थेट स्वरतंतू दिसेपर्यंत मान वाकवून डोकावायचे. दिसते ते फक्त डोकावणाऱ्याला. मागे उभे असलेले सर सांगणार काय, कपाळ? (स्वरतंतू आरशात पाहण्याची युक्ती गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाला 1854 मध्ये सुचली होती. आमच्या गानप्रेमी वाचकांना हे आवडावे.)

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये पात्याच्या टोकाजवळ कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर येते. शिकणारा व शिकवणारा दोघेही तेच पाहतात. 2023 साली अमेरिकेतील 1417 अत्यवस्थ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळी घालणारे बहुतेक शिकाऊ डॉक्टरच होते. व्हिडिओने पहिल्या खेपेला यश 85.1 टक्के, जुन्या साधनाने 70.8.

मी म्हटले, "मग प्रश्न मिटला!" भाचा हसला. म्हणे, सगळी व्हिडिओ साधने सारखी नाहीत. सी-मॅकचे नेहमीचे पाते जुन्याच घडणीचे, त्यामुळे हात लवकर बसतो. 2001 च्या सुमारास आलेल्या ग्लाइडस्कोपचे पाते जास्त वाकडे. त्यात स्वरतंतू झकास दिसतात, पण नळी तिथवर वळत नाही. आत वाकवलेली तार घालावी लागते, आणि डोळे पडद्यावर खिळले की नळीचे टोक टाळूला लागू शकते. नवशिका इथेच फसतो. किंग व्हिजनच्या एका पात्याला नळीसाठी खोबणच असते. नळी वळवायची कटकट नाही, पण पातेच नीट रोखावे लागते, आणि ते जाड असल्याने तोंड पुरेसे उघडावे लागते. रक्त किंवा उलटी कॅमेऱ्यावर आली की मात्र सगळ्यांचीच पंचाईत.

म्हणून जुने पाते शिकूच नये, हे मला पटत नाही. पण पहिला धडा आमच्या अण्णांच्या घशात का गिरवावा? तो पडद्यासमोर, सरांच्या नजरेखाली व्हावा.

"तुमच्याकडे कोणते आहे रे?" मी विचारले.

"एक आहे, मामा. सरांच्या कपाटात, कुलपात."

"आणि रात्री ड्युटीवर?"

"रात्री जुनेच," म्हणत त्याने ताक मागितले.