विषय बदला म्हणे!



मी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, पण आज कविता नाय. आज एका फॉर्मबद्दल बोलायचंय. त्या फॉर्मच्या आडून जी जुनी चाल खेळली जाते, तिच्याबद्दल बोलायचंय.

माझ्या टोळीत एक जोडीदार आहे. पोत्याच्या एका टोकाला त्याचे हात, दुसऱ्या टोकाला माझे. त्याची धाकटी बहीण समाजशास्त्रात एम.ए. झाली. त्यांचा आजा पोतराज होता. वाढवलेले केस, कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात कोरडा. मरीआईच्या नावानं म्हातारा स्वतःच्या अंगावर फटके ओढायचा आणि गाव पसाभर जोंधळे टाकायचं. पोरीनं लहानपणी त्याच्या पाठीवरचे वळ बोटानं मोजलेत. तिला अभ्यास करायचा होता तो याचाच. साथीचं भय साऱ्या गावाला, मग फटके आपल्यातल्याच एकाच्या पाठीवर का? हे कुठल्या पोथीत लिहिलंय? पोथीत नसेल तर पोथीवाचून एवढी वर्षं चाललं कसं? धर्मशास्त्राच्या गाद्यांवर बसलेल्या किती पंडितांना हा प्रश्न पडला, सांगा बरं.

परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला बोलावलं. भावाच्या मजुरीत विमानाचं तिकीटसुद्धा बसत नव्हतं. म्हणून तिनं राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा फॉर्म काढला. साल २०२२. कुठल्याशा कचेरीतल्या जाणत्या माणसानं विषय वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "बाई, एवढं सोडून दुसरं काहीतरी घ्या. विषय बदला."

ती रात्री आमच्या खोलीवर आली. म्हणाली, "दादा, बदलू का?"

माझी वाचाच बसली.

त्या माणसानं स्वतःच्या मनचं सांगितलं नव्हतं. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानं या शिष्यवृत्तीची नवी नियमावली काढली. जागा १२५. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, बाकीच्या दहा विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांना. एवढ्या मोठ्या देशातल्या गावकुसाबाहेरच्या पोरांना मिळून सव्वाशे! आणि त्यात कलम घातलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास असा विषय असेल तर पैसे मिळणार नाहीत. खातं कुठलं? सामाजिक न्यायाचं. विषय कुठला नको? समाज!

आता जरा मागं जाऊ.

१८८६ साली मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून छापून निघालं. भाषांतर करणारा जर्मन पंडित ब्यूलर. तो आधी आपल्या मुंबईतच एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होता. म्हणजे मनू समुद्र ओलांडून गेला. त्याला कुणी अडवलं नाय, त्याचा धर्मही बुडाला नाय. पुढं ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेले. तिथं त्यांनी जातीचा इतिहास लिहिला, मनुस्मृतीचाच आधार घेऊन. पुस्तक १९०९ साली तिथंच इथाका गावी निघालं. त्यांना कुणी म्हणालं का, की केतकर, विषय बदला?

मग १९१३ साली मुंबईच्या बंदरातनं एक महाराचा पोरगा बोटीत चढला. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड. कोलंबिया विद्यापीठात त्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात तो उभा राहिला आणि भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. माझ्याच वयाचा म्हणा ना!

या निबंधात नुसता आक्रोश आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तो वाचलेला नाय. त्यात बाबासाहेबांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर मांडल्या. केतकरांचं जे बरोबर होतं ते बरोबर म्हटलं. मग दाखवलं की जातीबाहेर लग्न नको आणि जन्मानंच जातीत प्रवेश, ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे कुंपण टिकवायचं तर नवऱ्यामागं उरलेल्या बाईचं काय करायचं? जाळा, नाहीतर विधवा करून कोपऱ्यात बसवा. बायको मेलेल्या बाप्याला बायको कुठली आणायची? लहान पोरगी. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांची अशी एका दोरात गाठ त्यांनी मारून दाखवली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९१७ साली, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

२०२२ चा नियम १९१६ च्या त्या पोराला लावून बघा. भारतावरचा सामाजिक अभ्यास! अर्ज बाद. अर्थशास्त्रातला प्राचीन भारतीय व्यापाराचा एम.ए.चा प्रबंध? तो इतिहास. तोही बाद. आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायला हेच सगळ्यात पुढं! हार घालायचा तसबिरीला आणि कुलूप घालायचं त्याच्या विषयाला.

मला आणखी एक गोष्ट छळते. १९१७ साली बाबासाहेब परत निघाले तेव्हा त्यांचं सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं. महायुद्ध चालू होतं. पाणतीरानं ती बोट बुडाली आणि पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं समुद्रात गेली. मी पेट्या उचलतो, मला पुस्तकांच्या पेटीचं वजन माहीत आहे. एवढीशी दिसते आणि खांदा मोडते. ती पेटी तर युद्धानं बुडवली. आजच्या पोरांची पेटी बोटीत चढायच्या आधीच धक्क्यावर अडवतात. कशानं? एका कलमानं.

'विषय बदला' हे वाक्यही नवं नाय. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचल्यावर मंडळाला घाम फुटला. वेदशास्त्रांवरचं तेवढं वगळा, धर्म सोडायचं बोलू नका. जात तोडायला निघालेले हे लोक! बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलासुद्धा नकार दिला. सभा रद्द झाली. त्यांनी पदरच्या पैशानं दीड हजार प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत खपल्या.

साहेबलोक म्हणतील, पोरा, तू रागानं बोलतोस. भारताचा अभ्यास भारतात राहून का नको? ग्रंथ इथं, पोथ्या इथं, तज्ज्ञ इथं. सरकारचा पैसा जे इथं मिळत नाही त्याच्यासाठी वापरावा. बोलणं वरवर रास्त वाटतं. मीही दोन पाळ्या यावर विचार केला. त्याला माझी तीन उत्तरं आहेत.

पहिलं. हा नियम फक्त गरिबाला आहे. ज्याचा बाप पैसेवाला तो परदेशात जाऊन वेद शिकेल, वारी शिकेल, वाटलं तर पोतराजावरही पुस्तक लिहील. त्याला कोण विचारतो? म्हणजे पोतराजाच्या नातीनं पोतराजावर लिहायचं नाय, इतरांनी लिहिलेलं वाचायचं. आपण नमुना, ते अभ्यासक. आपली पाठ, त्यांचा प्रबंध. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि अजून चालायचं म्हणता?

दुसरं. इथं तज्ज्ञ आहेत, कबूल. पण तज्ज्ञाच्या दारात आडनाव आधी जातं, विषय मागनं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलानं जीव दिला. त्याआधी महिनोन्‌महिने त्याच्या फेलोशिपचे पैसे अडकले होते. तेव्हा 'इथंच शिका' म्हणणाऱ्यांनी आधी इथलं अंगण झाडावं.

तिसरं. बाहेर गेलेला माणूस नुसती डिग्री आणत नाय. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले ते काळ्या लेखकांचं साहित्य डोक्यात घेऊन, आणि आपल्या लिहिण्याला त्यानं बळ आलं. १९६९ साली जेम्स कोन या काळ्या धर्मपंडितानं अमेरिकेत विचारलं की गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढणारा आणि गुलाम, दोघं एकाच देवाची प्रार्थना करतात तर देव कुणाच्या बाजूचा? १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या प्राध्यापकानं तसाच प्रश्न इथल्या चर्चला केला. तुमच्या देवळात बसणारी बहुसंख्य माणसं दलित, मग तुमचं ईश्वरशास्त्र ब्राह्मणी वेदान्ताच्या वाटेनं का चालतं? त्यातनं दलित थिऑलॉजी उभी राहिली आणि पुढं मद्रासच्या गुरुकुल कॉलेजात तिचा स्वतंत्र विभागच झाला. शिवाय जातही इथंच कुठं थांबलीय? ती पासपोर्ट काढून गेलीय. अमेरिकेतल्या सिएटल शहराला २०२३ साली जातीय भेदभावावर बंदी घालावी लागली. जात परदेशात जाते आणि जातीचा अभ्यासक तेवढा घरी बसतो, हा कुठला न्याय?

इथवर तुम्ही टाळ्या दिल्या असतील. आता आपल्याच अंगणातली घाण काढतो. राग आला तर येऊ द्या.

आपल्या घरात पोरगं आर्ट्‌सला जातो म्हणालं की बाप कपाळावर हात मारतो. इतिहास वाचून पोट भरतं का? आयटीआय कर, नर्सिंग कर. बापाचं चुकत नाय, त्याला भूक ठाऊक आहे. पण सगळेच मेकॅनिक झाले तर पोथीला जाब कोण विचारणार? आपण यंत्रं चालवायची आणि धर्म काय, इतिहास काय, माणूस काय हे त्यांनी सांगायचं. ही वाटणी जुनीच आहे. फक्त झाडूच्या जागी पाना आला.

आणि जे आपले लोक प्रोफेसर झाले त्यांचं काय? काही जिवाचं रान करून पोरं घडवतात. त्यांना माझा सलाम. पण काहींनी गाईडचा गुरुदेव केलाय. पोरांनी बॅग धरायची, घरचा बाजार आणायचा, प्रश्न मात्र विचारायचा नाय. प्रबंध असा की पहिल्या पानावर जयभीम, शेवटच्या पानावर जयभीम आणि मधली पानं कुणाची तरी उचललेली. बाबासाहेबांनी केतकरांना त्यांचं श्रेय देऊन खोडलं. आपण आपल्याच माणसाला खोडायला भितो. कुणी बाबासाहेबांच्या एखाद्या मतावर प्रश्न केला की लगेच तो गद्दार! मग सनातन्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? आणि हे प्रबंध लिहिले जातात कुठल्या भाषेत? माझ्या जोडीदाराच्या पाठीवर लिहिलेला प्रबंध त्यालाच वाचता येत नाय.

१९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांच्या संस्थेनं कॉलेज काढलं. त्याला नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. हे नाव उगाच नाय. मिलिंद राजा होता, नागसेन भिक्खू. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन चर्चेआधी राजाला अट घालतो. पंडितासारखं बोलणार असशील तर बोलू, राजासारखं बोलणार असशील तर नको. कारण पंडितांच्या वादात एकमेकांचं खोडतात, चूक दाखवतात, पण कुणी चिडत नाय. राजाच्या वादात जो विरुद्ध बोलला त्याला शिक्षा होते. राजानं अट मानली आणि मग प्रश्नांची रास पडली.

विद्यापीठ म्हणजे एवढंच. सरकार पैसे देतं म्हणून त्यानं राजासारखं बोलू नये. गाईड सही करतो म्हणून त्यानं राजासारखं बोलू नये. चळवळीचा नेता स्टेजवर बसतो म्हणून त्यानंही बोलू नये. म्हणून माझी मागणी सरळ आहे. कुठल्याही शिष्यवृत्तीत विषयावर बंदी घालणारं कलम नको. अभ्यास खरा की खोटा, हे विद्यापीठानं तपासावं. पैसे देणाऱ्यानं पैसे द्यावेत आणि वेळेवर द्यावेत. शिष्यवृत्ती ही भीक नाय. आमच्या बापजाद्यांच्या न दिलेल्या मजुरीतला तो चिमूटभर हिस्सा आहे.

तिनं काय केलं विचाराल. विषय बदलला नाय. परदेशाची जागा गेली. सकाळी क्लासमध्ये शिकवते, दुपारी लायब्ररीत बसते, इथल्याच विद्यापीठात नाव नोंदवलंय. मी याला विजय म्हणणार नाय. जे दार उघडायला हवं होतं ते उघडलं नाही, त्याचा हिशोब बाकी आहे.

पण एक ठरलंय. आज्ज्याच्या कोरड्यावरचं पहिलं प्रकरण ती मराठीत आणणार आणि आमच्या वस्तीच्या विहारात वाचणार. समोर गोदीवाले, सफाईवाले, धुणंभांडी करणाऱ्या आयाबाया. मध्येच कुणी उठून म्हणालं की पोरी, इथं तुझं चुकतंय, आमच्या गावात असं नव्हतं, तर ती लिहून घेणार.

तुमच्या वस्तीतही असं वाचन लावा. हार-तुरे नकोत, अध्यक्ष नको. प्रत्येकानं घरनं एक प्रश्न आणला की झालं.