कामधंदा : तासाचे किती घेऊ?



मुलं लहान असताना सोडलेलं विमान शिकवण्याचं काम मी चौदा वर्षांनी पुन्हा हाती घेतलं. डिसेंबर २०२४ पासून एफएएच्या शिक्षक-दाखल्यावर मुदत छापत नाहीत, पण दर २४ महिन्यांत पात्रता दाखवावीच लागते. माझा खंड मोठा, म्हणून परीक्षकासमोर उड्डाण करून दाखवलं. ते जमलं, दर सांगताना मात्र जीभ अडखळली. "इतकी वर्षं हात लागला नाही, निम्मेच द्या," म्हणून मोकळी झाले.

मग घरी हिशेब मांडला. विमानाचा मीटर इंजिन सुरू झाल्यावर फिरतो. शिकवणं त्याआधीच सुरू होतं: हवामान, वजनाचा हिशेब, विमानाची तपासणी. उतरल्यावर चुकांची उजळणी. दोन तासांच्या कामाला मी एका तासाचे पैसे घेत होते, तेही निम्मे! त्यातून विमा आणि पेट्रोल वजा.

खरी चूक वेगळीच होती. हात बसला नसेल तर स्वस्तात शिकवणं हा उपाय नव्हे. आधी दुसऱ्या शिक्षकाला पैसे मोजून आपण सराव करावा. तो केला. मग जवळच्या दोन विमानतळांवर चौकशी करून त्यांच्या बरोबरीचा दर, जमिनीवरचा वेळ धरून, कागदावर लिहून दिला. दोन विद्यार्थ्यांपैकी एक गेला, एक राहिला.

विद्येचे पैसे मागायला आपल्याला संकोच वाटतो. पण फुकटातली उजळणी घाईत उरकली जाते, आणि त्याची किंमत एकट्याने उडणारा विद्यार्थी मोजतो.